शुश्रूषा करणाराची शुश्रूषा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याच्या उशाशीं बसणारा, त्याला खाऊंपिऊं घालणारा, त्याचें मलमूत्र काढणारा मनुष्य. त्याला परिचर्येचें ज्ञान असावें, तो कामांत दक्ष असावा, रोग्यावर त्याचा अनुराग असावा आणि तो शुचि असावा, असे त्याचे चार गुण आचार्यांनीं गणले आहेत. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हा भाग आम्हीं अनेक वर्षें मुलांना मोठ्या अभिमानानें सांगितला. रोग्याजवळच्या माणसाला वैद्याच्या पंक्तीला बसविणारें आमचें शास्त्र, असें म्हणतांना ऊर भरून येई. परंतु हा उपस्थाताच थकला तर त्याच्याकडे कोणीं पाहावें, हा प्रश्न एकाहि विद्यार्थ्यानें आम्हांस विचारला नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत तो कधीं आला नाहीं. तो विचारला एका तरुण डॉक्टरांनीं, आणि विचारला तो आमच्याच घरच्या माणसाविषयीं.

आमचें बिऱ्हाड पुण्यांत, एका पेठेंत आहे. २०१६ सालीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, आमच्या मातोश्रींना विसर पडूं लागला. आमटींत मीठ दोनदां पडे, देवापुढचा दिवा लागलेला असतां पुन्हां काडी ओढली जाई, आणि तोच प्रश्न घटकेघटकेला नव्यानें येई. आम्ही हंसलों. साठी बुद्धि नाठी ही म्हण आपल्या भाषेंत आहेच, आणि म्हण सांपडली कीं प्रश्न सुटला असें वाटण्याची खोड आम्हां मास्तरांना फार. पुढें मातोश्रींनीं आमच्या सौ.वर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला. पाटल्या तांदळाच्या डब्यांत सांपडल्या. ठेवल्या होत्या मातोश्रींनींच. त्या दिवशीं सौ. दुपारच्या जेवल्या नाहींत. आम्हीं "आईचें वय झालें, मनावर घेऊं नये" एवढेंच सांगितलें आणि वर्तमानपत्र पुन्हां उघडलें.

हा म्हातारचळ नसून स्मृतिभ्रंश म्हणजे मेंदूचा रोग आहे, हें आम्हांस कळावयास दोन वर्षें लागलीं. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं ज्या रुग्ण स्त्रीची हकीकत विद्वानांच्या सभेपुढें मांडली, तिलाहि आपल्या पतीविषयीं निराधार संशय येत असे. तेव्हां पाटल्यांचा आळ हा आमच्या मातोश्रींच्या मनांतला जुना सासुरवास वर आला असें नव्हतें. तें रोगाचें लक्षण होतें. हें वेळीं ठाऊक असतें तर आमच्या सौ.ना दोन वर्षें जें सोसावें लागलें त्यांतलें निदान निम्में तरी टळलें असतें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत, भारतांत साठीच्या पुढच्या लोकांपैकीं ७.४ टक्के, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत असा अंदाज निघाला. म्हणजे तितक्याच घरांत कोणी तरी उशाशीं बसलेलें आहे.

आमच्या घरीं तें कोण, हें सुज्ञ वाचकांनीं ओळखलेंच असेल. धाकटे बंधु मुंबईस असतात, भगिनी नाशिकास. दोघांचेंहि आईवर प्रेम आहे. तीं दिवाळींत येत, दोन दिवस राहत, आणि त्यांच्यापुढें मातोश्री अशा कांहीं सावरून बसत कीं, "आई तर उत्तम आहे, वहिनी उगाच काळजी करतात" असा अभिप्राय देऊन तीं परत जात. पाहुण्यांपुढें रोगी घटकाभर सावरतो, हा या रोगाचा स्वभावच आहे. आमचा स्वतःचा वांटा म्हणजे औषधें आणणें, बिलें भरणें आणि डॉक्टरांशीं बोलणें. रात्रीं मातोश्री तीन-चारदां उठत. त्यांच्या खोलींत आमच्या सौ. निजत. आम्ही शेजारच्या खोलींत निजत असूं, दार लावून. कारण आमची झोंप फार सावध आहे असा आमचा समज होता.

२०२२ च्या मार्गशीर्षांत एके दिवशीं पहाटे मातोश्रींना न्हाणीघराकडे नेतांना दोघीहि पडल्या. मातोश्रींना खरचटलेंहि नाहीं. सौ.चें मनगट मोडलें, आणि रक्तदाब इतका चढलेला निघाला कीं त्यांना चार दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं विचारलें, "काकू, सलग चार तास झोंप तुम्हांला शेवटीं केव्हां मिळाली होती?" सौ.नीं आमच्याकडे पाहिलें. आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. डॉक्टर मग आम्हांस म्हणाले, "काका, आजींची फाईल केवढी जाड आहे. काकूंची आज पहिल्यांदा उघडली."

त्या चार दिवसांत मातोश्रींची सेवा आमच्याकडे आली. भगिनी नाशिकाहून येईपर्यंत पहिल्या दोन रात्रीं आम्ही एकटे होतों. दुसऱ्या रात्रीं, पांचव्यांदा उठावें लागल्यावर, आम्ही मातोश्रींवर ओरडलों. त्या भिंतीला टेकून लहान मुलासारख्या आमच्याकडे पाहत राहिल्या. तें दृश्य आम्हांस अजून विसरतां येत नाहीं. आमच्या सौ. सहा वर्षांत ओरडल्या नसतील असें नाहीं. पण दुसऱ्याच रात्रीं खासच ओरडल्या नव्हत्या.

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. पूर्वींच्या एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्यांची आबाळ होत नसे, असें आपण नेहमीं म्हणतों, आणि वाडे गेले, चुली वेगळ्या झाल्या म्हणून हळहळतों. वाड्यांत दहा बिऱ्हाडांचे डोळे ओसरीवरच्या आजीवर असत, हें खरेंच. आज तिसऱ्या मजल्यावरचें दार लागलें कीं आंत काय चाललें आहे तें समोरच्यासहि कळत नाहीं. पण त्या जुन्या घरांत रात्रीं उठून पिकदाणी कोण धुवी? बहुधा एखादी आलवणांतली आत्या, नाहीं तर बालपणीं विधवा होऊन भावाच्या आश्रयास आलेली बहीण. तिला दुसरी वाट नव्हती, म्हणून घरास उपस्थात्याची वाण कधीं पडली नाहीं. तिची झोंप कोणी मोजली नाहीं. ती पद्धति गेली तें उत्तम झालें. मात्र तिच्या जागीं आपण कांहींच उभें केलें नाहीं, आणि तिचें काम निमूटपणें सुनेच्या पदरांत घातलें. हें कबूल करावयास हवें.

आतां बाहेर काय मदत मिळते, त्याविषयीं अनुभवाचें सांगतों. आम्हांस पहिला आधार मिळाला तो आमच्या भागांतील ज्येष्ठ नागरिक संघाचा. असे संघ महाराष्ट्रांत गांवोगांवीं आहेत, आणि त्यांचा फेस्कॉम या नांवाचा महासंघहि आहे. पुण्यांत महापालिकेनें ठिकठिकाणीं विरंगुळा केंद्रें बांधलीं आहेत, तेथें हीं मंडळी संध्याकाळीं जमतात. आम्ही निवृत्त होतांच संघाचे सभासद झालों होतों, पण संघ म्हणजे वाढदिवस, व्याख्यान आणि सहल अशी आमची समजूत. सौ. रुग्णालयांत असल्याचें कळतांच संघाचे चिटणीस घरीं आले आणि त्यांनीं पहिला प्रश्न केला, "कमोडची खुर्ची आहे का?" ती नव्हती. दुसऱ्या दिवशीं ती आली, वॉकर आला, आणि पुढें मातोश्री अंथरुणाला खिळल्या तेव्हां हवेची गादीहि आली. अनामत रक्कम ठेवावयाची आणि वस्तु परत केली कीं ती घेऊन यावयाची. रुग्णोपयोगी साहित्य असें उसनें देणाऱ्या संस्था व मंडळें शहरांत अनेक आहेत. जी खाट चार महिने लागते ती विकत घेऊन नंतर गॅलरींत गंजत ठेवण्याचें कारण नाहीं. हवेच्या गादीवर निजविलें तरी दर दोन तासांनीं कूस बदलावीच लागते, हेंहि त्या चिटणिसांनींच सांगितलें. पाठीस जखम झाल्यावर तें समजून उपयोग नसतो.

दुसरा आधार स्वमदत गटाचा, आणि आमच्या मतें मोलाचा हाच. कंपवाताच्या रुग्णांसाठीं व त्यांच्या घरच्यांसाठीं पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. स्मृतिभ्रंशासाठीं १९९२ सालीं केरळांत स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आहे व तिच्या शाखा अन्यत्रहि आहेत. आम्ही ज्या गटास जातों तो लहान आहे. महिन्यांतून एकदां दहा-पंधरा माणसें जमतात आणि आपापली हकीकत सांगतात, इतकेंच. सौ. प्रथम यावयास तयार नव्हत्या. "घरचें उणें चारचौघांत कशाला सांगायचें? आईंची शोभा होईल," असें त्यांचें म्हणणें. पहिल्या बैठकींत त्या एक अक्षर बोलल्या नाहींत. शेवटीं एक बाई, पतीची नऊ वर्षें सेवा करीत असलेल्या, शांतपणें म्हणाल्या, "कधीं कधीं मनांत येतें, आतां हें संपावें. आणि मग दिवसभर देवासमोर जावत नाहीं." आमच्या सौ.नीं पदर डोळ्यांना लावला तो बैठक संपेपर्यंत काढला नाहीं. घरीं येतांना रिक्षांत त्या म्हणाल्या, "मला वाटायचें, असलें पाप माझ्याच मनांत येतें."

शुश्रूषा हा शब्द आपण सेवा या अर्थानें वापरतों. परंतु व्युत्पत्तीनें पाहिलें तर तें 'श्रु' या धातूचें इच्छार्थक रूप आहे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. आम्हीं हें फळ्यावर शेकडों वेळां लिहिलें असेल. त्याचा अर्थ त्या बैठकींत कळला. तेथें कोणी कोणाला उपदेश करीत नाहीं, 'पुण्य लागेल' असें म्हणत नाहीं. ऐकून घेतात.

आणि ऐकण्याचा उपयोग रोग्यापाशींहि कसा होतो, तें त्याच गटांत शिकलों. दिवेलागणीची वेळ झाली कीं मातोश्री बेचैन होत. "मला घरीं जायचें आहे, सोडा मला," म्हणून दाराची कडी हलवीत. या रोगांत सायंकाळीं अशी तगमग वाढते, हें डॉक्टरांना चांगलें माहीत असतें. घरच्यांना मात्र कोणी सांगत नाहीं. आम्ही रोज समजूत घालीत असूं: आई, हेंच तुझें घर. त्यावर त्या अधिकच चिडत. गटांतील एका गृहस्थांनीं सुचविलें, "वाद घालूं नका, घरीं कोण कोण आहे तें विचारा." दुसऱ्या संध्याकाळीं सौ.नीं विचारलें. मातोश्री कडीवरचा हात काढून खालीं बसल्या आणि वाईचें आपलें माहेर सांगूं लागल्या: कृष्णेचा घाट, परसांतली गाय, दुपारीं निजलेले आजोबा. तें घर पडून तीस वर्षें झालीं. अर्ध्या तासानें त्या शांतपणें वरणभात जेवल्या. रोज असें घडलें असें नाहीं. पण आठवड्यांतून चार दिवस घडलें तरी घराला श्वास मिळतो.

पगारी मदतीविषयीं थोडें स्पष्ट लिहितों. आम्हीं एका ब्यूरोमार्फत दिवसपाळीची मावशी ठेवली. ब्यूरोनें पहिल्या महिन्यांत चार वेगवेगळ्या बाया पाठविल्या. ज्या रोग्यास सुनेची ओळख राहत नाहीं त्याच्या खोलींत दर आठवड्यास नवें माणूस पाठविणें म्हणजे काय, याची त्या लोकांस कल्पना नसावी. किंवा असून पर्वा नसावी. ठरवितांनाच विचारावें: बाई रजेवर गेल्यास बदली कोण, तिला उचलण्या-निजविण्याचें काम येतें का, पोलिसांकडील पडताळणी झाली आहे का, आणि तिच्या हातीं प्रत्यक्ष पगार किती पडतो. शेवटचा प्रश्न ब्यूरोवाल्यांना आवडत नाहीं. तरी तो विचारावा. पांचव्या मावशी आल्या त्या शेवटपर्यंत टिकल्या. त्यांनीं एका वहींत औषध, जेवण, शौच, झोंप यांची रोजची नोंद ठेवली, आणि डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग आमच्या वर्णनशैलीपेक्षां पुष्कळ अधिक झाला. दिवसभर वृद्धांना सांभाळून सायंकाळीं घरीं पाठविणारीं डे-केअर केंद्रेंहि मोठ्या शहरांत निघालीं आहेत, पण तीं थोडीं आहेत, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांना घेणारीं त्याहून थोडीं.

सरकारी मदतीचें सांगावयाचें तर, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीहि असो, आयुष्मान भारत योजनेखालीं कुटुंबामागें वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयांतील उपचारांचें संरक्षण मिळालें. त्यासाठीं आधारपत्रावरून वयवंदना कार्ड काढून ठेवावें. केंद्र सरकारची आरोग्ययोजना ज्यांना आहे त्यांना दोहोंपैकीं एक निवडावी लागते. पण हें संरक्षण रुग्णालयांत दाखल झाल्यावरचें. सात वर्षें घरीं चाललेल्या शुश्रूषेस, मावशीच्या पगारास, सुनेच्या रात्रींस त्यांतून एक पैसाहि मिळत नाहीं, आणि या रोगाचा खरा खर्च तोच आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेंत ६५ वर्षांवरील निराधारांस महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत हवें, तेव्हां आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांस ती लागू. परंतु आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंच्या सासूस ती लागू असेल, आणि तहसील कार्यालयाचा अर्ज भरून देण्यास आपल्यासारख्यांना एक दुपार पुरते. श्रावणबाळाच्या कावडीचे दोन्ही भार एकाच खांद्यावर होते, ही गोष्ट योजनेचें नांव ठेवणारांच्या लक्षांत आली होती कीं नाहीं, कोण जाणे. १४५६७ हा वृद्धांसाठींचा राष्ट्रीय दूरध्वनि विनामूल्य आहे. घरांतील छळापासून पेन्शनच्या अडचणीपर्यंत सर्व विचारतां येतें. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोंच सेवा द्यावी असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं बँकांस कळविलें आहे, आणि हयातीचा दाखला पोस्टमन घरीं येऊन करून देतो. आजारी आईस खुर्चीवर बसवून बँकेच्या पायऱ्या चढविणारे सुशिक्षित लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांत आम्हीहि होतों.

कायद्याचा प्रसंग कोणावर येऊं नये. तथापि २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या अधिनियमान्वये, मुलें सांभाळीत नसतील तर वृद्धांना प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणांत साधा अर्ज करून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागतां येतो. हयातींत घर मुलाच्या नांवें करावयाचेंच असेल तर, सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रांत स्पष्ट लिहावी. अट मोडल्यास तें रद्द ठरवून घेण्याची सोय त्याच कायद्याच्या २३ व्या कलमांत आहे. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. आईनें मुखत्यारपत्र दिलें आहे, आतां चिंता नाहीं, असें आम्ही समजत होतों. परंतु १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणें, देणाराची बुद्धि ठिकाणावर राहिली नाहीं कीं मुखत्याराचा अधिकारहि संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठीं तें केलें त्याच दिवशीं तें निरुपयोगी. तेव्हां संयुक्त खातें, नामनिर्देशन, मृत्युपत्र हीं कामें स्मृति शाबूत असतांनाच उरकावीं.

सौ. घरीं आल्यावर आम्हीं तिघां भावंडांनीं प्रथमच मोकळेपणीं बसून हिशेब केला. पैशांचा नव्हे, रात्रींचा. भगिनींनीं दर तीन महिन्यांस दहा दिवस येण्याचें कबूल केलें आणि तें पाळलें. बंधूंनीं रात्रपाळीच्या मावशींचा पगार आपल्याकडे घेतला. आठवड्यांतून तीन रात्री आमच्याकडे आल्या; झोंप सावध असल्याचा तेवढा तरी उपयोग झाला. आमच्या इमारतींत चौदा बिऱ्हाडें आहेत. संघाच्या चिटणिसांच्या सूचनेवरून आम्हीं जिन्याजवळच्या फळ्याखालीं एक वही टांगली. ज्यांना जमेल त्यांनीं आठवड्यांतील एक दुपार, तीन ते पांच, तींत लिहावयाची, आणि त्या वेळांत ज्या घरीं कोणी अंथरुणाला आहे तेथें जाऊन बसावयाचें. स्वयंपाक नाहीं, औषध देणें नाहीं. केवळ जवळ असणें, म्हणजे घरच्या बाईला बाहेर पडतां यावें. पहिल्या दुपारीं आमच्या सौ. दोन तास कोठें गेल्या होत्या, असें आम्हीं विचारलें. त्या तळ्यांतल्या गणपतीपाशीं बांकावर नुसत्या बसून आल्या होत्या.

मातोश्री २०२४ च्या चैत्रांत, नव्वदाव्या वर्षीं, झोंपेंतच गेल्या. खुर्ची, गादी, वॉकर संघाला परत केलें, अनामत तेथेंच ठेवली. सौ.नीं वहींतील मंगळवार घेतला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी त्यांना आपली धाकटी बहीण समजतात, आणि त्या तसें समजूं देतात. आम्हीं शनिवार घेतला आहे. तेथील आजोबांना आम्ही वर्तमानपत्र वाचून दाखवितों. तीच बातमी तीनदां वाचावी लागते, आणि तिसऱ्यांदाहि ते आमचे उच्चार सुधारतात. बुधवार व शुक्रवार नव्या भाडेकरूंच्या महाविद्यालयीन मुलांनीं मागून घेतले, याचें आम्हांस मोठें आश्चर्य वाटलें. गुरुवारची दुपार मात्र वहींत अद्यापि रिकामी आहे.